ओशच्या बाजारात उझबेक का ऐकू येते : किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान उंचीनुसार समजून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : एका दांपत्याचा भाचा किर्गिझस्तानातील ओश शहरात एमबीबीएस करतो आहे. येत्या उन्हाळ्यात त्याला भेटायला जाताना शेजारचा ताजिकिस्तानही पाहावा, की दोन्ही देश 'सारखेच डोंगराळ' असल्यामुळे एकच पुरे, असे त्यांनी विचारले आहे. त्याला जोडून आणखी एक शंका आहे. भाचा सांगतो की ओशच्या बाजारात किर्गिझ भाषेच्या बरोबरीने, काही गल्ल्यांत तर तिच्यापेक्षा जास्त, उझबेक ऐकू येते. मग हा देश नेमका कोणाचा? मी भूगोल शिकवतो आणि मध्य आशियात अभ्याससहली नेत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुसऱ्या शंकेचे उत्तर मिळाले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

या भागात माणसे कोणती भाषा बोलतात, काय खातात आणि कशा घरात राहतात, हे ती कोणत्या देशात राहतात यापेक्षा किती उंचीवर राहतात आणि त्यांना पाणी कसे मिळते यावर अधिक ठरत आले आहे. देशांच्या सीमा शंभर वर्षांच्या आतबाहेरच्या आहेत. गवत आणि पाट यांच्यातली सीमा त्याहून कितीतरी जुनी आहे.

आधी जमीन पाहू. किर्गिझस्तानचे क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, ताजिकिस्तानचे त्याहून कमी, एक लाख चाळीस हजारांच्या थोडे वर. दोन्ही देश भूवेष्टित आहेत आणि दोन्हींचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे, त्यामुळे 'सारखेच' हा समज होणे स्वाभाविक आहे. पण डोंगर एका जातीचे नाहीत. किर्गिझस्तान हा मुख्यतः त्यान शानचा देश आहे. या पर्वतप्रणालीच्या रांगा साधारण पूर्व-पश्चिम धावतात आणि त्यांच्या मधोमध रुंद, उघडी, गवताळ खोरी आहेत. सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या सोंग-कोल सरोवराभोवती नजर पोहोचेल तिथवर कुरण आहे. इस्सिक-कोल हे मोठे सरोवर १,६०७ मीटरवर आहे, १८२ किलोमीटर लांब आणि ६६८ मीटरपर्यंत खोल. त्याला बाहेर वाट नसल्याने पाणी किंचित खारट आहे आणि कडाक्याच्या हिवाळ्यातही ते गोठत नाही.

ताजिकिस्तानचा पूर्वेकडचा अर्धा भाग म्हणजे पामीर, आणि पामीरचेही दोन वेगळे चेहरे आहेत. पश्चिम पामीरमध्ये नद्यांनी इतक्या खोल घळी कोरल्या आहेत की गाव म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर वसलेला हिरवा तुकडा, आणि त्याच्या मागेपुढे उघडा कातळ. पूर्व पामीर मात्र उंचावरचे थंड वाळवंट आहे. सारा ओलावा पश्चिमेकडच्या रांगांवर बर्फ होऊन पडतो, त्यामुळे मुर्गाबच्या आसपास वर्षाला १०० मिलिमीटरही पाऊस होत नाही. त्याच पश्चिमेकडच्या बर्फावर सुमारे ७७ किलोमीटर लांबीची फेदचेन्को हिमनदी पोसली गेली आहे. देशातील सर्वोच्च शिखर, ७,४९५ मीटरचे इस्मोईल सोमोनी, याच भागात आहे. त्याला आधी स्टॅलिनचे नाव होते, मग ते 'कम्युनिझम शिखर' झाले आणि १९९८ मध्ये नवव्या-दहाव्या शतकातील सामानी घराण्याच्या राजाचे नाव मिळाले. या देशाचा विसाव्या शतकातला इतिहास एवढ्या तीन नावांवरूनही शिकवता येतो.

आता माणसे. जिथे रुंद कुरणे आहेत तिथे तुर्की कुळातील भाषा बोलणारे पशुपालक पसरले, ते किर्गिझ. उन्हाळ्यात कळप घेऊन उंचावरच्या कुरणावर, म्हणजे 'जाईलो'वर जायचे आणि थंडीच्या आधी खालच्या खोऱ्यात उतरायचे, हा त्यांच्या वर्षाचा कणा. आपल्याकडचे धनगर पाऊस आणि चारा पाहून देश आणि कोकण यांच्यात ये-जा करतात. किर्गिझ मेंढपाळाचा प्रवास अंतराने त्याहून कमी असेल, पण तो उभा असतो, दीड-दोन हजार मीटर चढण्या-उतरण्याचा. १९३० च्या दशकातील सोव्हिएत सामुदायिकीकरणाने, म्हणजे कळप आणि जमीन सामुदायिक शेतांत गोळा करण्याच्या मोहिमेने, या लोकांना सक्तीने गावांत बसवले, तरी जाईलो सुटले नाही. ते सामुदायिक शेतीच्या हिशोबात गेले एवढेच. १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर कळपांची वाटणी झाली आणि २००९ च्या कायद्याने कुरणांचा कारभार स्थानिक समित्यांकडे आला.

जाईलोवरच्या घराकडे, म्हणजे युर्तकडे, जरा निरखून पाहावे. लाकडी पट्ट्यांची दुमडता येणारी जाळी भिंतीचे काम करते, तिच्यावरून वाकवलेले दांडे वर जातात आणि छताच्या मध्यभागी एका गोल चौकटीत अडकतात. ही चौकट म्हणजे 'तुंदुक', जी किर्गिझस्तानच्या झेंड्यावरील सूर्यात दिसते. वरून मेंढीच्या लोकरीचे नमदे. आत दारासमोरची बाजू पाहुण्याची. तिथे रजया-गाद्यांची चळत रचलेली असते आणि तिची उंची घराची ऐपत सांगते. दारातून शिरताना उजवीकडे बायकांची बाजू, म्हणजे भांडी, दूध, धान्य. डावीकडे पुरुषांची, म्हणजे खोगीर, लगाम, चाबूक. बाहेर एका लांब दोरीला शिंगरे बांधलेली असतात. ती तिथे आहेत म्हणून घोड्या लांब जात नाहीत आणि दर दोन-तीन तासांनी त्यांचे दूध काढता येते. याच दुधाचे आंबवलेले 'कुमिस' पाहुण्याला मिळते. ते आंबट, किंचित धुरकट आणि थोडे मादकही असते. पोटाला सवय नसेल तर पहिल्या दिवशी अर्ध्या वाटीवर थांबावे. शेती नसलेल्या या जीवनात साहित्यही लिहिले गेले नाही, गायले गेले. 'मनास' या महाकाव्याचे सायाकबाय करालायेव या गायकाकडून उतरवून घेतलेले पाठांतर पाच लाख ओळींच्या आसपास जाते.

ताजिकांची गोष्ट उलटी आहे. त्यांची भाषा फारसीचेच एक रूप आहे, फक्त ती आज सिरिलिक लिपीत लिहिली जाते, आणि त्यांची संस्कृती पाटाच्या पाण्यावर उभी आहे. राजधानी दुशान्बेच्या आसपासच्या किंवा झराफशान खोऱ्यातल्या गावात शिरलात की आधी ओळखू येतो तो रस्त्याकडेचा पाट, त्याच्या काठची तुती आणि जर्दाळूची झाडे, आणि मातीच्या उंच भिंतीआड लपलेले अंगण. प्रत्येक शेताला पाणी ठरलेल्या पाळीने मिळते आणि पाळी वाटणाऱ्या माणसाला, 'मिराब'ला, गावात मान असतो. पाहुण्याला 'दस्तरखान' पसरून त्यावर आधी रोटी, म्हणजे 'नान', मांडतात. ती कधी पालथी ठेवायची नाही आणि सुरीने कापायची नाही; हातानेच तोडायची. उत्तरेकडच्या पांजाकेंतजवळ सोग्दी, म्हणजे इथल्या प्राचीन इराणीभाषक, व्यापाऱ्यांच्या आठव्या शतकात ओस पडलेल्या नगराचे अवशेष आहेत, ज्यांच्या भिंतींवर पंचतंत्रातील कथांची चित्रे सापडली. दुशान्बेच्या संग्रहालयात अजिना-तेपा या जुन्या बौद्ध मठाच्या जागेतून आणलेली, जवळपास १३ मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध ज्यांनी पाहिला आहे त्यांनी ही चुकवू नये.

ओशचे कोडे इथे सुटू लागते. ओश फरगाना खोऱ्याच्या पूर्व टोकाला आहे. हे खोरे सुमारे ३०० किलोमीटर लांब, जवळपास सगळीकडून डोंगरांनी वेढलेले आणि मध्य आशियातील सर्वांत दाट वस्तीचे. तळाशी सपाट, सिंचित जमीन आहे आणि काठावर कुरणे. तळावर आणि गावा-शहरांत उझबेक व ताजिक शेतकरी, कारागीर, व्यापारी राहिले. काठावरच्या उतारांवर किर्गिझ. आठवडी बाजाराला दोघे भेटत, लोकर-मांस देऊन धान्य-कापड नेत. लिहून ठेवण्याजोगी सीमा तिथे नव्हती. अनेक कुटुंबांत दोन भाषा सहज बोलल्या जात आणि आजही बोलल्या जातात.

१९२४ मध्ये सोव्हिएत सत्तेने या प्रदेशाची राष्ट्रवार वाटणी केली. स्टॅलिनने लोकांत फूट पाडण्यासाठी मुद्दाम वाकड्या रेषा ओढल्या, असे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते. मला ते अपुरे वाटते. त्या वाटणीत स्थानिक कम्युनिस्ट पुढाऱ्यांचीच जोरदार ओढाताण चालली होती, आणि भाषेबरोबर बाजारपेठ, रेल्वे, कालवे यांचेही हिशोब होते. फक्त कुरणे देऊन किर्गिझांचा प्रांत चालणार नव्हता, त्याला शहर हवे होते. म्हणून उझबेक वस्तीचे ओश त्यांच्याकडे गेले. याच न्यायाने ताजिकभाषक लोकवस्ती मोठी असलेली समरकंद आणि बुखारा ही शहरे उझबेकिस्तानात राहिली, ज्याची सल ताजिकांच्या बोलण्यात अजून जाणवते. ताजिकिस्तान आधी उझबेकिस्तानच्या आत एक स्वायत्त प्रदेश होता; १९२९ मध्ये उत्तरेकडच्या खुजंद शहराचा भाग जोडून त्याला स्वतंत्र प्रजासत्ताकाचा दर्जा मिळाला. सोव्हिएत काळात या रेषा जिल्ह्यांच्या हद्दींपेक्षा जास्त कोणाला जाणवत नसत. १९९१ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या आणि त्यांच्यावर चौक्या उभ्या राहिल्या. ओशमध्ये १९९० आणि पुन्हा जून २०१० मध्ये किर्गिझ-उझबेक दंगली झाल्या, दुसऱ्या खेपेला शेकडो माणसे मारली गेली. आपला भाचा ज्या बाजारातून भाजी आणतो त्याचे तेव्हा मोठे नुकसान झाले होते. तिथे भाषेचा विषय सहज गप्पांत काढू नये, एवढे त्याला जरूर सांगा.

नकाशावरचे एक उदाहरण तर विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. सोख हा भूभाग उझबेकिस्तानचा आहे, चारही बाजूंनी किर्गिझस्तानने वेढलेला आहे आणि तिथे राहणारे लोक बहुतांश ताजिक आहेत. त्याच्या पश्चिमेला वोरुख आहे, तो ताजिकिस्तानचा तुकडा आणि तोही किर्गिझ भूमीने वेढलेला. वोरुखवरून इस्फारा नदी खाली येते आणि तिच्या काठाने उतरताना ताजिक व किर्गिझ गावे आलटून पालटून लागतात. एकाच पाटाच्या वरच्या अंगाला एक देश आणि खालच्या अंगाला दुसरा, असे झाल्यावर उन्हाळ्यातली पाणीपाळी हा परराष्ट्र धोरणाचा विषय होतो. एप्रिल २०२१ मध्ये 'गोलोव्नोय' नावाच्या पाणीवाटप केंद्रावर कॅमेरा बसवण्यावरून वाद पेटला, तो दगडफेकीवरून बंदुकांवर गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये रणगाडे आणि ड्रोन वापरले गेले आणि किर्गिझ बाजूकडील लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. १३ मार्च २०२५ रोजी किर्गिझ राजधानी बिश्केकमध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सीमाकरारावर सह्या केल्या. सुमारे हजार किलोमीटरची सगळी सीमा ठरली, काही जमिनींची अदलाबदल झाली आणि काही रस्ते दोन्ही बाजूंच्या लोकांना वापरता येतील असे तटस्थ ठरवले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस खुजंदमध्ये उझबेकिस्तान धरून तिन्ही देशांनी त्यांच्या सीमा जिथे मिळतात तो बिंदूही निश्चित केला. तंट्याचे मूळ पाण्यात असल्यामुळे या कराराची खरी कसोटी टंचाईच्या उन्हाळ्यातच लागेल, असे मला वाटते.

उंचीचा नियम सीमेच्या दुसऱ्या बाजूलाही लागू पडतो, याचा पुरावा मुर्गाब. ३,६०० मीटरवरचे हे गाव ताजिकिस्तानात आहे, पण धान्य पिकत नाही अशा या पठारावर राहतात ते मुख्यतः किर्गिझ. याक आणि मेंढ्या पाळणारे, उन्हाळ्यात युर्त उभारणारे. तिथून पश्चिमेला, खाली खोरोगकडे उतरताना गहू आणि जर्दाळू दिसू लागतात आणि भाषा बदलते. इथले लोक पामिरी. त्यांच्या शुघ्नी, रुशानी, वाखी या भाषा इराणी कुळातल्या असल्या तरी ताजिकपेक्षा इतक्या वेगळ्या आहेत की दुशान्बेच्या माणसाला त्या कळत नाहीत. आणखी एक फरक असा की ताजिक व किर्गिझ बहुतांश सुन्नी आहेत, तर पामिरी बहुतांश शियांमधील इस्माइली पंथाचे, आगा खान यांना इमाम मानणारे. त्यांच्या घरात पाच खांब असतात, जे मुहम्मद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांची नावे सांगतात. छताच्या मध्यभागी एकात एक बसवलेल्या चार चौकटींचा झरोका असतो आणि त्या चौकटी पृथ्वी, जल, वायू, अग्नी यांच्या मानल्या जातात. हाच झरोका धुराची वाट आहे आणि दिवसाच्या उजेडाचीही. सकाळी तिथे 'शीरचाय' मिळतो, म्हणजे दूध, मीठ आणि लोणी घातलेला चहा, त्यात रोटी कुस्करून.

हा सगळा गोर्नो-बदख्शान प्रांत. देशाचा जवळपास ४५ टक्के भूभाग आणि लोकसंख्या तीन टक्क्यांहूनही कमी. त्याची दक्षिण सीमा म्हणजे पांज नदी. १८९५ मध्ये ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यांनी वाटाघाटी करून ठरवलेली रेषा. वाखानमध्ये दोन्ही तीरांवर एकच वाखी लोक आहेत. ताजिक बाजूच्या रस्त्यावरून पलीकडच्या अफगाण गावातली झोडपणी, गाढवाची पायवाट, शाळेला निघालेली मुले सहज दिसतात. अलीकडच्या तीरावर वीज आणि डांबर, पलीकडच्या तीरावर बराच काळ दोन्ही नाही. सोव्हिएत सत्तेने काय दिले आणि काय हिरावले याची चर्चा करायची तर ती या रस्त्यावर करावी.

डोंगरांनी देशांना एकमेकांपासून जितके तोडले तितकेच आतूनही तोडले आहे. बिश्केकहून ओशला जायचे तर ३,००० मीटरहून उंच दोन खिंडी ओलांडाव्या लागतात, आणि किर्गिझ राजकारणात 'उत्तरेचा' व 'दक्षिणेचा' हा भेद अजून मोजला जातो. दुशान्बे ते खुजंद हा रस्ता तर हिवाळ्यात बंदच होत असे. अंझोब आणि शहरिस्तान येथील बोगद्यांनंतरच तो वर्षभराचा झाला. १९९२ ते १९९७ या काळातील ताजिक यादवीतले गट बऱ्याच अंशी खोऱ्यांवरून ओळखले जात, ते याच भूगोलामुळे.

पाण्याच्या मोठ्या हिशोबातही हे दोन देश एकमेकांसारखे आहेत आणि खालच्या देशांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. नारिन आणि कारा-दारिया मिळून सिर-दारिया होते, वख्श आणि पांज मिळून अमू-दारिया. सोव्हिएत काळात किर्गिझस्तानच्या तोक्तोगुल धरणातले पाणी उन्हाळ्यात कापसासाठी खाली सोडले जाई आणि बदल्यात हिवाळ्यात खालून कोळसा व वायू येई. देश वेगळे झाल्यावर इंधन बाजारभावाने विकत घ्यावे लागले. मग किर्गिझांनी विजेसाठी हिवाळ्यातच पाणी सोडायला सुरुवात केली. खाली थंडीत पूर आणि उन्हाळ्यात टंचाई. ताजिकिस्तानात ३०० मीटर उंचीचे नुरेक धरण आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूस ३३५ मीटरचे रोगुन बांधले जात आहे. २०१६ पर्यंत उझबेकिस्तानचा या प्रकल्पाला कडवा विरोध होता. आता तो मावळला आहे. किर्गिझस्तानच्या कंबर-अता धरणात तर उझबेकिस्तान आणि कझाकस्तान स्वतःच भागीदार व्हायला निघाले आहेत. गेल्या दहा वर्षांत मध्य आशियात झालेला हा सर्वांत महत्त्वाचा बदल आहे, असे माझे मत.

आता सहलीविषयी. दहा दिवसच असतील तर ताजिकिस्तानचा हट्ट धरू नका. ओशमध्ये सुलेमान-तू टेकडी चढा. बाबराने आपल्या आठवणींत ओशचे वर्णन केले आहे आणि टेकडीवर त्याच्या नावाची छोटी वास्तू आहे. मग उझगेनमधला काराखानी राजघराण्याच्या काळातला मनोरा व कबरी आणि तिथल्या तांबूस तांदळाचा पुलाव, अर्सलानबोबचे अक्रोडाचे जंगल आणि एखादे जाईलो, एवढ्यात काठ आणि तळ या दोन्ही संस्कृती एका देशातच दिसतात. शाकाहारी असाल तर शहरांबाहेर रोटी, दही, टोमॅटो-काकडी आणि सुकामेवा यांवर राहण्याची तयारी ठेवा.

तीन आठवडे असतील तर ओशहून सारी-ताश, किझिल-आर्त खिंड, काराकुल, मुर्गाब, खोरोग आणि दुशान्बे असा पामीर महामार्ग करावा, जुलै ते सप्टेंबर या काळात. ओश हजार मीटरच्या आत आहे आणि किझिल-आर्त ४,२८० मीटरवर, पुढची अक-बैताल ४,६५५ मीटरवर. म्हणून सारी-ताशला किमान एक मुक्काम कराच आणि रक्तदाब किंवा हृदयविकाराची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बदख्शानसाठी व्हिसाव्यतिरिक्त वेगळा परवाना लागतो. किझिल-आर्तचे नाके परदेशी प्रवाशांसाठी त्या आठवड्यात उघडे आहे का, याची चौकशी ओशमधूनच करावी. २०२५ च्या करारानंतर किर्गिझस्तानच्या नैर्ऋत्येकडील बातकेनच्या बाजूची नाकी पुन्हा सुरू झाल्याने ओशहून सपाटीने खुजंदला जाण्याचा पर्यायही आहे. त्या वाटेने गेल्यास पामीर चुकतो, पण वर सांगितलेले गुंतलेले फरगाना खोरे डोळ्यांनी पाहता येते, आणि चढणीचा त्रासही नाही.

महाराष्ट्रातील बरीच मुले आज बिश्केक, ओश आणि जलाल-अबादला वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केल्यानंतर इथले पालक हादरले होते, ते साहजिकच होते. अशा वेळी उपयोगी पडते ती शेजाऱ्यांशी असलेली ओळख. भाच्याने वसतिगृहाबाहेर थोडी किर्गिझ आणि थोडी रशियन शिकावी, बाजारात उझबेक दुकानदाराला त्याच्याच भाषेत नमस्कार करावा, आणि सुट्टीत वर्गातल्या एखाद्या किर्गिझ मित्राच्या गावी जाऊन यावे. तुम्ही गेलात की त्या घरी तुम्हालाही बोलावणे येईल. जाताना मुलांसाठी खाऊ न्या, आणि चहाची वाटी अर्धीच भरून दिली तर ती कंजुषी समजू नका. अर्धी वाटी म्हणजे बसा, पुन्हा भरतो. काठोकाठ भरलेली वाटी हाती आली तर मात्र उठायची वेळ झाली.